गिरणीपासून पाचवं घर

वाडी, ४ मे

उत्तरा,

वर आशीर्वाद लिहिला होता, मग खोडला. साडेतीन वर्षं बोलणं नसलेल्या पोरीला बापाने पहिल्याच ओळीत आशीर्वाद देणं म्हणजे न बोलावता पंगतीत बसणं. तेव्हा नुसतं नाव.

फोन करत नाही. माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस, आणि आज सकाळपासून मलाही फोनची भीती वाटून राहिली आहे. हे पत्र वंदनाताई आणून देतील. उमरेडच्या, पन्नाशीच्या, खांद्याला कापडी पिशवी. तू त्यांना ओळखशील. अठ्ठावीस एप्रिलला दुपारी त्या तुझ्या दारात फॉर्म घेऊन आल्या होत्या. तू त्यांना कूलरसमोर बसवलंस, पाणी दिलंस, अकरा प्रश्नांची उत्तरं दिलीस. त्या माझ्याकडेच कामाला आहेत. तू कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला संध्याकाळी फॉर्म चाळताना समजलं. योगायोग म्हण. आमची रीत तुला पाठच आहे: मोहल्ल्यात एक खूण धरायची, तिथून उजव्या हाताने निघायचं, दर पाचव्या घराचं दार वाजवायचं. तुमच्या गल्लीत खूण होती पिठाची गिरणी. पाचवं घर तुझं निघालं.

तुझा फॉर्म नंबर ४१७.

आता आजचा पेपर. तुझ्या सासूबाई घेत असतील, तुमचं सगळं सक्करदरा तोच घेतं. पहिल्या पानावर या टोकापासून त्या टोकापर्यंत मथळा: ‘युद्ध हवेच! ८४ टक्के नागपूरकरांचा कौल’. मध्ये तोफेचं चित्र. आणि पार तळाला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, ‘सर्वेक्षण : पराते सर्व्हे, वाडी’.

हा आकडा मी दिला, पण या प्रश्नाचा नाही. आम्ही दोन प्रश्न विचारले होते. पहिला, हल्ला करणाऱ्यांना धडा शिकवावा का? त्याला ८४ टक्के हो म्हणाले. कोण नाही म्हणेल? मीही हो म्हणालो असतो. दुसरा, त्यासाठी युद्ध व्हावं का? हो म्हणाले ४१, नको म्हणाले ३८, आणि सांगता येत नाही २१. पेपराने पहिल्या प्रश्नाचा आकडा उचलला आणि दुसऱ्या प्रश्नाच्या डोक्यावर ठेवला. दुसरा प्रश्न आख्ख्या पानात कुठे नाही.

आठशे फॉर्मांत तीनशे चार माणसं नको म्हणाली. त्यातली एक तू. प्रत्येक फॉर्मच्या तळाशी नाव, पत्ता, फोन लिहिलेली पट्टी असते, पुन्हा फोन करून खातरी करायला. खातरी झाली की पट्टी कापून नष्ट करायची, हा नियम. मी कापत नाही. पुढच्या कामाला उपयोगी पडतात, म्हणून सगळ्या ट्रंकेत ठेवतो. तू कॉलेजात असताना माझ्याशी यावरून भांडली होतीस, मला आठवतं.

आता ऐक. कोणी दारात येऊन विचारलं, तर सांगायचं, आमच्याकडे सर्व्हेवाले आलेच नव्हते. एवढं सांगायला हे पत्र.

फॉर्मात घरातली माणसं तीन लिहिली आहेत. सासू, वय ६१. तू, २९. तिसऱ्या ओळीत, स्त्री, अकरा महिने. मी ती ओळ वाचली, चष्मा पुसला, परत वाचली.

बाबा

वाडी, ६ मे

उत्तरा,

वंदनाताई सांगत होत्या, तू पत्र घेतलंस, उघडलं नाहीस. मी विचारलं, फाडलं तर नाही? म्हणाल्या, ‘नाई भाऊ. पदराखाली धरून आत गेली. पोरीचा राग तुमच्यावानीच हाये, लय वेळ शिजते.’ वर म्हणाल्या, ‘आधी सांगाचं होतं न मले का पोरगी हाये म्हणून. मी तिच्या घरी दोनदा पाणी मांगून पेली, आन् तिले म्हटलं आमचा मालक लय कंजूस हाये.’

हसलो. दोन दिवसांत तेवढंच हसलो.

काय झालं ते सांगतो. मुलाखत संपली की आम्ही घरोघर चिठ्ठी ठेवतो: ‘आपण वेळ दिलात, आभार’, आणि खाली माझा नंबर. ही तुझीच कल्पना. लोकांना वाटलं पाहिजे की विचारणारा पळून गेला नाही, असं तू म्हणाली होतीस. आता त्या चिठ्ठ्या बोलायला लागल्या आहेत.

पहिला फोन परवा दुपारी. रवींद्र नावाचे निवृत्त शिक्षक, मानेवाड्याकडचे. त्यांनी फॉर्मात नको म्हटलं होतं, आणि तेव्हा शेजारचा माणूस वट्यावर बसून ऐकत होता. पेपर आल्यावर त्याच शेजाऱ्याने सगळ्यांसमोर विचारलं, मास्तर, ८४ सोडून उरलेल्या सोळांतले तुम्हीच काय? संध्याकाळी फाटकावर कोणी चुन्याने १६ लिहून गेलं. मास्तरांना पोलीस नको होते, माफी नको होती. ते म्हणाले, ‘माझं उत्तर हो करून घ्या. आणि तसं लिहून द्या, मी दाराला लावीन.’

त्यानंतर आजपर्यंत तेवीस फोन. सगळ्यांची मागणी एक. नको लिहिलं ते हो करा. एक बाई म्हणाली, तेव्हा माझी तब्येत बरी नव्हती. एक म्हणाला, प्रश्नच समजला नव्हता. उत्तरा, मी माणसांना तीस वर्षं ऐकतो आहे. माझ्या बापाच्या मागावर धागा तुटला की मी शेजारच्या खोलीतून सांगायचो, आवाज बदलायचा. या माणसांचा आवाज तसा आहे. बातमी खोटी होती. आता एकेका फोनाने ती खरी होऊन राहिली आहे.

दुसरी एक गोष्ट मला आधीच दिसली होती, पण पेपराला ती नको होती. फॉर्मात शेवटी एक चौकट आहे, ती आमची बाई स्वतः भरते: उत्तर देताना जवळ कोणी होतं का? तीनशे घरांत माणूस एकटा होता. त्यांतले युद्ध हवं म्हणणारे बावीस टक्के. पाचशे घरांत शेजारी, दीर, सासरा, कोणी ना कोणी उभं होतं. तिथे बावन्न. तोच मोहल्ला, तोच प्रश्न, तीच बाई विचारणारी. फरक फक्त दारात उभ्या माणसाचा. आणि आता तर ८४ टक्के शहर दारात उभं आहे.

आज दुपारी उन्मेष आला. तुला आठवत असेल, पेपरात नवीन लागला तेव्हा आपल्याकडे तक्ते वाचायला शिकायला यायचा, तुझ्या आईच्या हातचा वडाभात खायचा. आता कार्यकारी संपादक आहे. ऑफिसखालच्या गोदामात ट्रक रिकामा होत होता, त्या धुळीत पांढरे बूट वाचवत वर आला. पेढे घेऊन. खप वाढला आहे.

मी म्हटलं, हे काय छापलं गा? तर म्हणतो, ‘काका, ८४ आले का नाई पहिल्या प्रश्नाले?’

‘आले.’

‘मंग खोटं काय छापलं?’

‘दुसरा प्रश्न काहून गाळला?’

‘जागा नव्हती.’

पहिल्या पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याला जागा नव्हती. तो पेढ्याचा कागद घडी करत राहिला.

मग कामाचं बोलला. कोणीतरी मोबाइलवर लिहिलं आहे की हा सर्व्हे झालाच नाही, खोलीत बसून केला. मालक चिडले आहेत. त्यांना आठशेच्या आठशे फॉर्म, पट्ट्यांसकट, हवे आहेत. तेवढंच नाही. रविवारपासून नवीन सदर सुरू करायचं आहे, नको म्हणणाऱ्यांवर. नाव, फोटो, मोहल्ला. उन्मेष म्हणाला, ‘लोक आम्हाले एकतर्फी म्हणतात न? घ्या, दुसरी बाजूपण देऊन राहिलो.’ त्याचा आवाज गोड होता. पण फोन त्याने पालथा ठेवला होता आणि तो टेबलावर सारखा थरथरत होता. तोही कोणाला तरी घाबरून आहे.

मी म्हटलं, पट्ट्या देत नाही. तो उठला. दारात थांबून अगदी सहज म्हणाला, ‘काका, तुम्ही आधी पाठवलेल्या खुणांच्या लॉटरीच्या यादीत सक्करदरा नव्हतं. मंग तक्त्यात ते फॉर्म कुठून आले?’

दहा तारखेपर्यंत मुदत दिली आहे.

तुझ्या फॉर्मात कारणाच्या रकान्यात वंदनाताईंनी तुझंच वाक्य उतरवलं आहे: ‘ज्यांच्या घरचं कोणी तिकडे नाही, त्यांना हा प्रश्न विचारू नका.’ हे वाक्य नाव-फोटोसकट त्या पानावर आलं तर काय होईल, याचा विचार मी करतो आणि मग उठून ट्रंकेचं कुलूप ओढून पाहतो.

बाबा

वाडी, ८ मे

उत्तरा,

आज सायरनची चाचणी झाली. तुमच्याकडेही ऐकू आला असेल. इथे हमाल पोती टाकून गोदामात पळाले, मग चाचणी आहे कळल्यावर एकमेकांना शिव्या देत हसले. मी जिन्याच्या कठड्याला धरून उभा होतो आणि हात सुटेना.

फोन एकसष्ट झाले. एकसष्टावा सांगतो.

बाईमाणूस, वयस्क, बोलणं धुतल्यासारखं स्वच्छ. म्हणाली, ‘आमच्या सूनबाईनं तुमच्या कागदावर काही लिहून दिलं आहे. पोर आहे ती, रागात बोलली. ते बदलून घ्या. माझा मुलगा फौजेत आहे हो. त्याच्या साहेबांना कळलं तर?’ मी नेहमीप्रमाणे विचारलं, फॉर्म कोणाच्या नावाचा? तिने तुझं नाव सांगितलं.

मी कोण हे विहीणबाईंना कळलं नाही. कळणार कसं, मी लग्नाला आलो कुठे होतो.

मी ऐकत राहिलो. मागे गिरणीचा पट्टा फटफट करत होता. त्याच्या अलीकडे वाळ्यांचा आवाज, दोन-तीन पावलं, धप्प, परत दोन-तीन पावलं. म्हणजे चालायला लागली आहे. मग तू आलीस. तू म्हणालीस, ‘आई, फोन ठेवा. मी बोलले ते बोलले. बदलायचं नाही.’ पुढे विहीणबाई रडल्या आणि फोन बंद झाला. त्यांच्यावर रागावू नको. माणूस पोरासाठी भितो तेव्हा त्याला भलतंच सुचतं. मला ते चांगलं ठाऊक आहे.

आता जे पहिल्या पत्रात लपवलं ते लिहितो.

योगायोग वगैरे काही नव्हता. लॉटरीत तुमच्या बाजूची खूण निघालीच नव्हती. आठशे फॉर्मांच्या ऐंशी खुणा मी दरवेळी डब्यात चिठ्ठ्या टाकून काढतो, वंदनाताईंच्या हाताने. या वेळी निघालेल्यांतली एक चिठ्ठी मी खिशात घातली आणि सक्करदरा लिहिलं. आदल्या दिवशी उन्हात तुमच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. तुझ्या दारापासून उलटा मोजत आलो. चार, तीन, दोन, एक. तिथे गिरणी लागली. मग गिरणीला खूण केलं. तू कशी आहेस, घरात कोण आहे, खर्चापाण्याचं बरं आहे का, हे मला पाहायचं होतं. बापाने दार वाजवलं असतं तर तू उघडलं नसतंस. फॉर्मवालीला उघडलंस.

तीस वर्षांत कंपन्यांनी, पुढाऱ्यांनी सांगूनही मी खूण हलवली नाही. हलवली ती तुझ्या दारासाठी. आणि त्यामुळेच तुझं नाव त्या ट्रंकेत आलं. नाहीतर तू त्या तीनशे चारांत नसतीस. तुझ्या दाराकडे बोट दाखवलं ते मीच.

तुला हे आधीच ठाऊक होतं, हे मलाही ठाऊक आहे. शेवटचा प्रश्न, ‘आणखी काही सांगायचं आहे का?’ बोललं तसंच उतरवायचं, असा माझा नियम, म्हणून वंदनाताईंनी अर्थ न कळता उतरवलं: ‘गिरणीपासून पाचवं घर मलाही मोजता येतं. पत्ता विचारायला दुसऱ्याला पाठवायची गरज नव्हती.’ फॉर्मची मांडणी पाहूनच तू ओळखलंस. हे वाचूनही मी तुला योगायोग लिहिला. सवय, दुसरं काय.

आणि आता अडकलो तो असा. उन्मेषला ते कळलं आहे. मी त्याचा मथळा खोटा म्हणून उभा राहिलो, तर तो म्हणेल, आधी तुमची सक्करदऱ्याची खूण दाखवा. एक खूण खोटी निघाली की लोक आठशे खोटे म्हणतील. गप्प बसलो तर पट्ट्या द्याव्या लागतील. सदराच्या पहिल्याच दिवशी त्यांना फौजीची बायको मिळेल. त्याहून चांगलं पान त्यांना कुठे मिळणार?

प्रीतमचा तिकडून फोन येतो का? त्याचा तोफखाना कोणत्या बाजूला आहे? नको, लिहू नको. मला सांगू नको.

तुझ्या लग्नाआधी मी जे बोललो, ते मी त्यानंतर कोणापाशी उच्चारलं नाही. अंगणात, सगळ्यांसमोर म्हणालो होतो, तिरंग्यात गुंडाळून येणारा जावई मले नको. तू एवढंच म्हणालीस की बाबा, तुम्ही भित्रे आहात. आणि आत गेलीस. खरं बोललीस. मी तेव्हाही घाबरलेलाच होतो, तो आवाज रागाचा नव्हता. पण तोंडातून गेलेला शब्द परत घेता येत नाही. या आठवड्यात रोज सकाळी पेपर उघडतो तेव्हा मथळा नंतर पाहतो, आधी आतल्या पानावरची शहीद जवानांची नावं पाहतो. आणि आठवतं, की हे मीच बोललो होतो.

बाबा

वाडी, ११ मे, दुपार

उत्तरा,

या पाकिटात कागदाची एक पट्टी आहे. हरवू नको, किंवा जाळून टाक. तुझं नाव, पत्ता, फोन. ४१७ची पट्टी. बाकीच्या सातशे नव्व्याण्णव आता जगात नाहीत.

परवा सकाळी वंदनाताईंना बोलावलं, दार लावून घेतलं, दोन कात्र्या काढल्या. त्यांनी ट्रंकेकडे पाहिलं आणि एक कात्री उचलली. दुपारपर्यंत आम्ही पट्ट्या कापत होतो. जाळता आल्या असत्या, पण धूर दिसतो, खाली गोदामात कापूस आहे. जुन्या कूलरच्या टाकीत गरम पाणी ओतलं आणि त्यात टाकल्या. माझी आई सुताला लावायची खळ जशी हाताने घोटायची, तसं दोघांनी घोटलं. वंदनाताई कोष्ट्याच्याच घरच्या, त्यांचाही हात बसलेला. नावं वर यायची, शाई फुटायची, मग खाली जायची. मास्तरांची पट्टी माझ्याच हाताखाली आली. शेवटी राखाडी लगदा उरला. वंदनाताई हात निथळत म्हणाल्या, ‘भाऊ, एवढी खळ असती तर दहा लुगडे निघाले असते.’

तुझ्या फॉर्मावरची ती दोन वाक्यं मी शाईने पार झाकली. तुझी पट्टी मात्र टाकवेना. म्हणून पाठवतो आहे. तुझं नाव तुझ्याकडेच राहू दे.

काल सकाळी आठशे फॉर्म घेऊन स्वतः पेपराच्या कचेरीत गेलो. उन्मेषने वरचा फॉर्म उचलला, तळाच्या कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, ‘मालक विचारतीन.’

‘सांग, म्हाताऱ्यानं नियमाप्रमाणे कापल्या. उशीर झाला तेवढा.’

‘मंग मले सक्करदऱ्याचं छापा लागन, काका.’

‘छाप गा. पण उद्याच्या अंकात नको. उद्या माझं आहे.’

त्याला कळलं नाही. पण मी जिना उतरत असताना वरून त्याचा श्वास ऐकला, लांब, पाठीवरचं पोतं टाकल्यावर हमाल सोडतो तसा. या पोरालाही ते सदर नको असावं. माझे कान चुकतही असतील. घाबरलेल्या माणसाला दुसऱ्याच्या श्वासात आपल्याला हवं तेच ऐकू येतं.

तिथून गेलो गिरिधरकडे. अकराव्या वर्षी आम्ही दोघं सीताबर्डीवर पेपर वाटायला लागलो. मी सोडलं, त्याने सोडलं नाही. आज अर्ध्या शहराचे हॉकर त्याच्या शब्दावर चालतात. मी छापलेलं पत्रक त्याच्या हातात दिलं. त्याने चष्मा कपाळावर चढवून वाचलं. म्हणाला, ‘ईश्वर, माही एजन्सी जाईन न बावा.’

मी म्हटलं, मग नको. त्याच्याही घरी माणसं आहेत, मी गठ्ठा परत उचलला. तेव्हा तो थोडा वेळ पानाच्या पिचकाऱ्या टाकत बसला. मग म्हणाला, ‘तसं पाह्यलं तर पत्रक कोणाचं हाये, हे आजवर मले कोणी पुसलं नाई. कोचिंग क्लासवाल्याचं घालतो, मूळव्याधवाल्याचं घालतो. तुहं काहून नाई घालाचं? ठेव तिथं.’

पेपर विकत घेणारा माणूस आत काय घातलंय ते उघडल्याशिवाय पाहत नाही, आणि छापणारा तर कधीच पाहत नाही. ही गोष्ट कार्यकारी संपादकाला ठाऊक नसते, हॉकराला असते. आज पहाटे बर्डीवर गठ्ठे सुटले तेव्हा मी स्वतः खाली बसलो, पोरांच्या रांगेत, आणि त्यांच्याच पेपराच्या पोटात माझं पत्रक सरकवत गेलो. हाताला अजून तो वेग आहे. पण एका पोराने माझ्या बोटांकडे पाहून विचारलं, आजोबा, थंडी वाजून राहिली काय? मे महिन्यात.

तुमच्याकडे आलं असेल. नसलं तर, त्यात एवढंच आहे:

‘८४ टक्के नागपूरकरांना युद्ध हवं, असं आपण वाचलंत. तो सर्व्हे मी केला. युद्ध व्हावं म्हणणारे ४१, नको म्हणणारे ३८, सांगता येत नाही म्हणणारे २१. जे एकटे असताना बोलले, त्यांच्यात हवं म्हणणारे २२. या कामात एक खोट आहे आणि ती माझी आहे. सक्करदऱ्याची खूण चिठ्ठीने निघाली नव्हती, मी घरगुती कारणाने मनाने घातली. तिथले दहा फॉर्म काढले तरी टक्के हेच राहतात. उत्तर बदलून मागणाऱ्यांना विनंती, काळजी सोडा. कोणाचं उत्तर काय होतं, हे आता कोणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही. विचारायचं असेल त्याने मला विचारावं. माझं उत्तर : नको.’ खाली नाव, वाडीचा पत्ता, फोन. सर्व्हेतली एवढी एकच पट्टी कापायची ठेवली आहे.

शूर झालो असं समजू नको. पत्रक गेलं आणि मी घरी येऊन ऑफिसमागच्या खोलीत खाटेवर बसलो, चपला न काढता. सातपासून फोन सुरू झाले. पहिल्याने आईवरून शिवी दिली. दुसऱ्याने विचारलं, वाडीत नेमका कुठे राहतो? तिसऱ्याने काही न बोलता पत्ता वाचून दाखवला, सावकाश, दोनदा. नऊ वाजता मास्तरांचा आला. म्हणाले, फाटकावरचं पुसलं. मग म्हणाले, ‘तुमच्याकडे सांभाळून राहा.’ वंदनाताई डबा घेऊन आल्या होत्या, त्यांना परत घरी पाठवलं. उन्मेषचा फोन नाही. खाली दोन माणसं केव्हापासून उभी आहेत, गोदामाची नाहीत. मोटारसायकल चालूच ठेवली आहे त्यांनी, तो आवाज मी इथून ऐकतो आहे.

साडेअकराला एक फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता. मी उचलला आणि शिवीची वाट पाहत राहिलो. पलीकडे कोणी बोलेना. पंखा होता. त्याच्या मागे पट्टा चालला होता, फटफट, फटफट, दळण टाकल्यावर जड होतो तसा. आणि मग वाळे. या वेळी पाच पावलं, मध्ये धप्प नाही.

मी कोण म्हणून विचारलं नाही.

तू म्हणालीस, ‘बाबा, दाराला आतून कडी लावा.’ आणि ठेवलास. मला उत्तर द्यायला वेळ मिळाला नाही, म्हणून हे लिहितो आहे. खिडकीखालून ओळखीचा ट्रकवाला जाईल त्याच्याकडे टाकतो, तो वंदनाताईंना देईल.

लावली आहे, बाई. वरची पण, खालची पण.

तिसऱ्या ओळीतल्या छोटीचं नाव विचारायला फॉर्मात रकाना नव्हता.

बाबा